क्रुसाचे चणे

एखाद्या माणसाला हात न लावता, शिवी न देता, फक्त त्याच्या घरचे चणे न खाऊन जन्मभर जाळता येतं. ही विद्या आमच्या चाळीला येत होती. तिचा प्रयोग माझ्या बापावर झाला आणि मी तो पहिल्या संध्याकाळपासून शेवटच्या संध्याकाळपर्यंत पाहिला. त्यामुळे चाळीतला एकोपा, गिरणगावची माणुसकी वगैरे कुणी डोळे भरून सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाते.

आमची चाळ चिंचपोकळी स्टेशनवरून माझगावच्या बाजूला चालत निघालं की लागायची. मधे अंगण, अंगणात नळ आणि नळाच्या पलीकडे दगडी क्रूस. चाळीत आमची किरिस्तावांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी मालवणी, घाटावरचे, काही कोळी. पण क्रूस सगळ्यांचा होता. प्लेगाच्या साथीत आमच्यातल्याच कुणा म्हाताऱ्याने तो बांधला आणि त्या साली चाळीतले उंदीर मेले पण माणसं वाचली, अशी गोष्ट सांगत. खरं-खोटं त्या म्हाताऱ्याला माहीत. हिंदू बायका क्रुसाला उदबत्ती लावत, नवं पोर त्याच्या पायाशी ठेवून मगच घरात नेत, मुलगा मॅट्रिक झाला की नारळ फोडत. देवळातले फादर याला नाक मुरडत. क्रुसाने कधी मुरडलं नाही.

मे महिन्यात क्रुसाचा सण यायचा. त्याला चुना लागायचा, गणपतीतले कंदील माळ्यावरून खाली यायचे, झेंडू-मोगऱ्याची जाड माळ त्याच्या गळ्यात पडायची. दिवे लागायच्या वेळी लादीन व्हायची. लादीन म्हणजे मारियेची लॅटिनमधली लांबलचक आळवणी. एकाने तिचं एकेक नाव गायचं आणि बाकीच्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणायचं, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. नावं पापा गायचे. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर ओरडून कमावलेला आवाज होता त्यांचा. अंगणातून मालवणी, घाटी, कोळी सगळे मिळून ‘होरा पोनोबी’ असं काहीतरी गडगडायचे. अर्थ त्यांना कळत नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. म्हणूनच भांडण नव्हतं.

लादीन संपली की चणे. ते त्या वर्षीच्या यजमानाच्या घरचे असायचे. आदल्या रात्री मोठ्या टोपात भिजत घातलेले, अंगणातच विटांच्या चुलीवर उकडलेले, त्यात मीठ आणि खोबऱ्याच्या कातळ्या. कागदाच्या पुडीत बांधून यजमानाने प्रत्येकाच्या हातात स्वतः द्यायचे आणि घेणाऱ्याने तिथेच, क्रुसासमोर उभं राहून खायचे. खाल्ले म्हणजे वर्षभराची भांडणं मिटली असं धरत. नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका त्या संध्याकाळी शेजारी उभ्या राहून चणे चघळायच्या.

मग यजमान क्रुसावरची माळ उतरवून अंगणात फिरायचा. पुढच्या वर्षी ज्याला सण करायचा असेल त्याने मान वाकवायची. त्याच्या गळ्यात माळ पडली की तो यजमान, मग तो किरिस्ताव असो की हिंदू. ती माळ त्याने आपल्या दारावर खिळ्याला लावायची आणि वाळून काड्या झाल्या तरी पुढच्या सणापर्यंत काढायची नाही. माळ दुसऱ्याच्या गळ्यात पडेपर्यंत सण तुझा, एवढाच काय तो नियम. कुणी मानच वाकवली नाही तर काय, हा प्रश्न कधी आलाच नव्हता. उलट मान पुढे करायला रेटारेटी व्हायची.

संपाच्या आदल्या वर्षी यजमान होते शेजारचे काका. मालवणी माणूस, आमची-त्यांची भिंत एक. ते आणि पापा एकाच गिरणीत, एकाच पाळीत, शेजारशेजारच्या साच्यांवर. पापांना विडी काकांची लागायची आणि काकांना रविवारची सुकी मासळी आमच्या मायच्या हातची. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका पाटीवर लिहायला शिकलो. त्या वर्षी काका माळ घेऊन इकडेतिकडे बघितल्यासारखं करत थेट पापांसमोर आले आणि म्हणाले, “वाकव रे मान. जन्मभर लोकांचे फुकट चणे खाल्लंस.” अंगण हसलं. पापांनी मान वाकवली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, कारण ते खरं हसणं होतं.

जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही दिवस सणासारखे गेले, पुरुष माणसं दिवसाउजेडी घरात दिसतात याचंच आम्हा पोरींना अप्रूप. मग एकेका घरातली भांडी कमी व्हायला लागली. काकूंच्या गळ्यात काळ्या मण्यांचा दोरा उरला, मण्यांच्या मधलं सोनं गेलं. आमच्या मायने लग्नातला गाऊन मोडून मला फ्रॉक शिवला आणि उरलेल्या कापडाच्या पिशव्या विकल्या. काका युनियनचे पक्के. सकाळी सभा, दुपारी गेटवर, संध्याकाळी चाळीत आम्हा पोरांना जमवून घोषणा शिकवायचे. पापाही जायचे सभेला. पण घरी आले की त्यांची नजर दारावरच्या त्या वाळक्या माळेवर जायची.

एप्रिलमध्ये काका स्वतः आमच्या उंबऱ्यात येऊन बसले.

“ह्या वर्साक चणे रवांदे,” ते म्हणाले. “मूठभर कुरमुरे वाट. क्रूस काय रागावाचो नाय.”

“क्रुसाला कुरमुरे?” पापा म्हणाले. “तुझ्या वर्षी चणे आणि माझ्या वर्षी कुरमुरे?”

“माझ्या वर्साक गिरणी चालू होती रे.”

“गळ्यात माळ घेतलीय मी.”

“घेतलंस तर घेतलंस. सगळी चाळ उपाशी हा. तुका कोण हसतला?”

पापा दारावरच्या माळेतून गळलेल्या पाकळ्या वेचायला लागले. माय आतून म्हणाली, “भावजी सांगतात ते ऐका.” पापा वेचतच राहिले.

नंतर एका पहाटे पापा उठले, कपडे घातले आणि कुणाला काही न सांगता गेले. गिरणी आत घ्यायला तयार असलेल्यांना लॉरीतून नेत होती, लॉरीला जाळी होती, पुढेमागे पोलीस होते. पापा त्या जाळीच्या आत बसले. सणापर्यंत ते रोज गेले. तिसऱ्या गल्लीत लॉरीतून उतरून मान खाली घालून चालत यायचे, जणू त्यांनी मान खाली घातली की चाळीला दिसायचे बंद होतील. पहिल्याच संध्याकाळी आमच्या कडीला कुणीतरी बांगड्यांची माळ अडकवली होती, क्रुसाच्या माळेच्या बरोबर खाली. मायने ती काढली आणि त्यातल्या धड बांगड्या स्वतःच्या हातात भरल्या. म्हणाली, “बऱ्या झाल्या. माझ्या फुटल्याच होत्या.”

पापा खरंच चण्यांसाठी गेले का? ते जन्मभर तसंच सांगत राहिले. मला वाटतं, त्यांना साच्यांवाचून राहवत नव्हतं, घरातली भूक बघवत नव्हती, आणि क्रुसाच्या आड लपता येतं हे त्यांच्या लक्षात आलं. देवाच्या नावावर माणूस काय काय खपवतो. पण मी पोटची पोरगी, मला तसं वाटलं तर चालतं. चाळीने तसं वाटून घ्यायचा अधिकार कुणी दिला होता? आणि काकांचं चुकलं असंही मी म्हणत नाही. संप फोडणारा तो फोडणाराच. त्यांच्याही घरात पोरं उपाशी झोपत होती, आणि ते नाही बसले जाळीच्या आत. एवढं सगळं मला कळतं. कळून राग जात असता तर काय पाहिजे होतं.

सणाच्या दिवशी पापांनी क्रुसाला स्वतः चुना लावला. एरवी चार पोरं मदतीला यायची, त्या दिवशी कुणी आलं नाही. मायने माळ ओवली. टोप चुलीवर चढला आणि उकडत्या चण्यांचा वास वर दोन्ही मजल्यांवर गेला. महिनोन्‌महिने पेजेवर असलेल्या माणसांच्या नाकात तो वास गेला, म्हणजे काय झालं असेल ते सांगायला नको. लोक कठड्याला टेकून उभे होते आणि खाली बघत होते.

पापांना वाटलं होतं, कुणी येणार नाही. आले. सगळे आले, धुतलेले कपडे घालून आले. पापांनी लादीन सुरू केली आणि अंगणाने प्रत्येक नावाला उत्तर दिलं, कधी नव्हे इतक्या जोरात. मारियेशी कुणाचं वैर नव्हतं. पापांचा चेहरा फुलला. लादीन संपता संपता माय मला कोपराने ढोसत होती, बघ, सगळं मिटलं.

पापांनी पुडी द्यायला सुरुवात काकांपासून केली. काकांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली, कपाळाला लावली, चार पावलं पुढे गेले आणि क्रुसाच्या पायरीवर ठेवून दिली. न उघडता. मग हात जोडले आणि बाजूला झाले. त्यांच्यामागे काकू. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचे. मग कोळी, मग घाटावरचे, मग आमची किरिस्ताव घरंसुद्धा. सगळ्यांनी पुडी घेतली, सगळ्यांनी ठेवली. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. आधी ठरवल्याशिवाय असं होत नाही. घरोघरी जाऊन ठरवलं होतं, फक्त आमची खोली वगळून.

काकांच्या मुलीला, माझ्या मैत्रिणीला, मात्र राहवलं नाही. तिने पायरीकडे जाता जाता पुडीत बोटं घातली आणि चार चणे तोंडात टाकले. काकूंनी बघितलं. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, तिची हनुवटी धरली, तिच्या तोंडात बोट घातलं आणि चणे बाहेर काढले. चावलेले, लाळेने माखलेले. “कडू असतत ते,” काकू म्हणाल्या आणि बोट पदराला पुसलं. पोरगी रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या जिभेवर अजून थोडी साल चिकटलेली होती.

पापा तरीही माळ उतरवायला गेले. मी म्हणते, अशा वेळी माणसाने गप घरात जावं. पण नाही, रीत म्हणजे रीत. माळ हातात घेऊन ते अंगणभर फिरले. ज्याच्यासमोर उभे राहतील तो ताठ. म्हातारे, तरणे, सगळे खांबासारखे. शेवटी ते काकांसमोर थांबले.

“तू मला घातलीस,” पापा हळू आवाजात म्हणाले. “आता माझ्याकडून घे.”

“ती गिरणीची माळ हा,” काका म्हणाले. “आमका नको. रवांदे तुझ्याच गळ्यात.”

त्या संध्याकाळी नवी माळ जुन्या खिळ्याला परत लागली. पायरीवरच्या पुड्या मायने परातीत गोळा केल्या आणि आम्ही ते चणे खाल्ले, आंबेपर्यंत खाल्ले. मी पोटभर खाल्ले आणि मला ते आवडले. भिंतीपलीकडे काकांच्या घरात भांड्याचा आवाज नव्हता.

पुढे संप कसा मेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो संपला असं कुणी सांगितलंच नाही, नुसती माणसं संपत गेली. वर्ष-दीड वर्षात आमच्या चाळीतले बरेच जण त्याच गेटमधून गुपचूप आत गेले, त्याच मालकाचं काम करायला. काका नाही गेले. ते लालबागच्या बाजारात भाजी विकायला बसले आणि शेवटपर्यंत बसले. मला वाटलं, आता सुटलो आपण. आता तर पापांसारखेच सगळे. पण खाई त्याला खवखवे. जे मागल्या दाराने आत गेले तेच मेमध्ये पुडी ठेवायला सगळ्यांत पुढे, आणि ठेवताना त्यांचे हात सगळ्यांत ताठ. पापांचे चणे खाल्ले असते तर त्यांना स्वतःचेही खावे लागले असते.

दरवर्षी तेच. दरवर्षी पापा चुना लावायचे, टोप चढवायचे, लादीन गायचे, अंगण जोरात उत्तर द्यायचं, आणि पुड्या पायरीवर. दरवर्षी माळ घेऊन फिरायचे आणि माळ घेऊन घरी यायचे. पुढे गिरणीच बंद पडली आणि पापा माझगावला गोदीजवळच्या एका गोदामावर वॉचमन झाले. ज्या गिरणीसाठी एवढं केलं तिची चिमणी पाडली तेव्हा ते आणि काका शेजारी उभे राहून बघत होते. हेच मला कधी उमगलं नाही. सण सोडला तर बाकी वर्षभर सगळं सुरळीत होतं. काकूंची साखर संपली की वाटी आमच्याकडे यायची. पापा आणि काका ओट्यावर पत्ते खेळायचे, एकमेकांच्या विड्या ओढायचे. एकदा पापा जिन्यावरून पडले, तर काकांनी त्यांना पाठीवर टाकून पार परळच्या इस्पितळात नेलं. वाटेत टॅक्सी मिळेना म्हणून चालत नेलं. त्यानंतर आलेल्या मेमध्ये त्याच काकांनी पुडी कपाळाला लावली आणि पायरीवर ठेवली. सुंभ जळला होता, पीळ तसाच.

एका वर्षी नवे फादर आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी लादिनीनंतर क्षमेवर प्रवचन दिलं आणि स्वतः पुडी उघडून मूठभर चणे खाऊन दाखवले. चाळीने माना डोलावल्या, हात जोडले आणि पुड्या ठेवल्या. फादरांचं खाणं कोण धरतो? ते बाहेरचे.

माझं लग्न झालं, मी अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला गेले. पण सणाला यायची. पापांना सांगायची, बंद करा हे. क्रूस म्हणतोय का कर म्हणून? दुसऱ्या चाळीतल्या लोकांना बोलवा, स्टेशनवरच्या भिकाऱ्यांना वाटा, ते तरी आशीर्वाद देतील. पापा म्हणायचे, “भिकाऱ्याने खाऊन काय उपयोग? त्याचं-माझं काय भांडण आहे?” मग थोड्या वेळाने म्हणायचे, “एकाने खाल्लं ना, तरी पुरे. एकाने मान वाकवली की मी सुटलो.” तो एक कोण, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पत्ते पिसतानासुद्धा त्यांचं लक्ष त्या एकाच्या मानेवर असायचं. माय वारली तेव्हाही ते मला म्हणाले होते, “तुझी माय गेली बघ, माळ तशीच राहिली.”

ते गेले तेही सणाच्याच पहाटे. रात्री चणे स्वतः भिजत घातले, टोपावर झाकण ठेवलं, आणि उठलेच नाहीत. काकांनीच मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्यांनी पापांची दाढी करून, कोट घालून सगळं तयार ठेवलं होतं. पापांच्या हातांत जपमाळही त्यांनीच गुंडाळली होती, चुकीच्या बाजूने, पण नीट.

उकाड्याचे दिवस, संध्याकाळीच शिवडीच्या दफनभूमीत न्यायचं ठरलं. टोपात चणे फुगून वर आले होते. काकू म्हणाल्या, “भिजलेले टाकाचे नसतत गो. शिजवूया.” आणि शिजवले त्यांनीच. दारावर खिळ्याला मागच्या वर्षीची माळ होती, आणि क्रुसाला कुणीतरी नवी माळ घातली होती. चुनासुद्धा लागला होता. बायका सांगत होत्या, सकाळपासून पोरं राबताहेत.

पेटी अंगणात आणून क्रुसासमोर ठेवली आणि शेवटचं बघण्यासाठी झाकण उघडं ठेवलं. लादीन गायला कुणी नव्हतं म्हणून मी गायले. अंगणाने उत्तर दिलं. मग चण्यांच्या पुड्या वाटल्या, मीच वाटल्या, यजमानाचं रक्त म्हणून. पहिली काकांना दिली. त्यांनी कपाळाला लावली, उघडली, आणि खाल्ले.

सगळ्यांनी खाल्ले. उभं राहून, क्रुसासमोर, पेटीसमोर, एकेक चणा चावून खाल्ले. नाक ओढत खाल्ले. “काय मीठ पडलंय,” म्हणाले. “त्याचा हात लागलाय ना भिजवताना.” कुणी दुसरी पुडी मागितली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं एकदम पापांच्या चण्यांना चव आली. पोरांनी टोप खरवडला. माझी मैत्रीण सासरहून आली होती, आता तिच्याही केसांत पांढरं दिसत होतं. ती चावता चावता थांबली आणि मला म्हणाली, “कडू नाहीत गं.” मग तोंडावर पदर धरून ती जी रडायला लागली ती थांबेना. त्या सगळ्या अंगणात फक्त तिच्याबद्दल मला काही वाटलं. बाकीच्यांच्या हलणाऱ्या जबड्यांकडे मी बघत होते आणि मला त्यांच्या तोंडात बोट घालून एकेक चणा बाहेर काढावासा वाटत होता. पापा पेटीत होते, तोंड किंचित उघडं, जणू पुढचं नाव घ्यायचं राहिलं होतं.

मग काकूंनी मला सांगितलं, “माळ उतरव.” मी उतरवली. अजून ओली होती, मोगऱ्याचा वास येत होता. माळ घेऊन वळले तर काका पुढे आले होते. खूप थकले होते ते, गुडघे धरत आले. पेटीच्या शेजारी, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मान वाकवली.

मी त्यांच्या मानेकडे बघत होते. वाळलेली, सुरकुतलेली, मागे पांढऱ्या केसांचा पुंजका. पापांनी जन्मभर वाट बघितली ती ही एवढीशी मान.

“घाल गो चेडवा,” काका जमिनीकडे बघत म्हणाले. “पुढल्या वर्साचे चणे माझे. त्येका सोडव.”

एक पाऊल मी त्यांच्याकडे टाकलंही. हात वर झाले होते माझे. माळ घातली असती तर सगळं मिटलं असतं, चाळ रडली असती, सगळे हलके होऊन घरी जेवायला गेले असते. तेच मला नको होतं.

मी वळले, पेटीवर वाकले आणि माळ पापांच्या गळ्यात घातली. त्यांची मान जड झाली होती, उचलावी लागली. मग दारावरची वाळकी माळही मागवली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. पेटीवाल्याला म्हटलं, “लावा झाकण.”

नियम होता, माळ दुसऱ्याच्या गळ्यात पडेपर्यंत सण तुझा. आता पापा तो घेऊन शिवडीला निघाले होते आणि चाळीत पुन्हा कधी सण होणार नव्हता. लोकांना ते हळूहळू कळत गेलं. हातातल्या पुड्या तशाच राहिल्या, चावणं थांबलं. पेटीवाला खिळे ठोकायला लागला.

काकांना ऐकू कमी यायचं. ते अजून तसेच वाकून उभे होते. “घाल गो,” ते परत म्हणाले. कुणीतरी त्यांना धरून सरळ करायला पुढे गेलं. मी पेटीच्या मागून चालायला लागले.